खऱ्या क्रिस्टलला असं होत नाही

धाकट्याचं सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं. तो दात बनवायचा. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि त्यांवरून तो कवळ्या घडवायचा, घासायचा, हिरड्यांचा रंग जुळवायचा. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याची लॅब होती. तिथे चार कारागीर बसत, पण अवघड काम आलं की ते कुणी न सांगताच त्याच्या टेबलावर येऊन पडायचं. एका आजींना त्याने त्यांच्या तरुणपणीच्या फोटोवरून पुढच्या दोन दातांमधली फट जशीच्या तशी करून दिली होती. आजी आरशात बघून आधी हसल्या आणि मग रडल्या. 'याच्या हातात जादू आहे' हे वाक्य त्याने इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यात कुणी कौतुक करतंय असंही त्याला आता वाटत नसे. ते त्याला आपल्या उंचीसारखं, चपलेच्या मापासारखं वाटे. आहे ते आहे.

सत्तेचाळिशी गाठली तरी घरात तो धाकटाच होता. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. ती त्याला 'धाकट्या' म्हणायची आणि तिचं ऐकून भावजीही तसंच म्हणायचे. ताईने तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. भावजी लिफ्ट बसवायचे. नव्या इमारती उठतील त्या गावी जायचं, तीन-चार आठवडे राहायचं, लिफ्ट वरखाली धावायला लागली की घरी यायचं, असं त्यांचं काम. आणि दर खेपेला येताना पान्यांच्या पिशवीत, दोन शर्टांच्या घडीत गुंडाळलेला क्रिस्टलचा एक प्राणी असायचा. हंस, ससा, कासव, गोगलगाय, पाठीवर मण्यांचे काटे असलेलं साळिंदर. प्रत्येकाबरोबर गोष्ट यायची. 'हे घुबड हॉस्पिटलसमोरच्या दुकानात बसलं होतं. अकरा मजले चढवेपर्यंत रोज माझ्याकडे टक लावून बघत होतं. शेवटी म्हटलं, चल बाबा घरी.' अशा तेवीस गोष्टी आणि तेवीस प्राणी ताईच्या बैठकीतल्या शोकेसमध्ये बसले होते.

ताई त्यांना लेकरांसारखं जपायची म्हटलं तर लेकरांनी हरकत घेतली असती, इतकं लेकरांना तिने जपलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी टेबलावर जाड टॉवेल अंथरायचा. हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. पांढरे सुती हातमोजे घालायचे. एका वेळी एकच प्राणी बाहेर काढायचा, तोही मानेला किंवा शेपटीला धरून नाही, तळाला हात देऊन. मेकअपच्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, चष्मा पुसायच्या फडक्याने पुसायचं, परत जागेवर ठेवायचं आणि मग दुसरा. तोंडाने फुंकर मारायची नाही, वाफ बसते. अखंड एका तुकड्याचा असेल त्याला फार तर कोमट पाण्यात बुडवलेलं बोट. पण जोडकामाचे, म्हणजे चोच, कान, काटे वेगळे करून चिकटवलेले, त्यांना पाणी दाखवायचंसुद्धा नाही. भावजी खुर्चीत बसून हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, 'माझी एवढी सेवा झाली असती तर मीही चमकलो असतो.'

आठ महिन्यांपूर्वी भावजींना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला आणि बोलणं गेलं. ऐकू यायचं, समजायचं, डोळ्यांत सगळं दिसायचं. पण शब्द ओठांपर्यंत पोचत नसत. सगळ्या भाषेतून त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता : 'बरं.' तहान लागली तरी 'बरं', पाठ दुखली तरी 'बरं', राग आला तरी 'बरं'. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी ताईला बजावलं होतं, त्यांच्याशी सतत बोलत राहा, उत्तर आलं नाही तरी बोला. ताई बोलायची. भाजी निवडताना, औषधं देताना, पाय चोळताना, दिवसभर. शोकेसकडे बघायला मात्र तिला सवड उरली नाही.

एका रविवारी सकाळी धाकटा गेला, तर ताई शोकेससमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पुढच्या रविवारी यांच्या कामावरची माणसं यायची आहेत भेटायला," ती म्हणाली. "आणि बघ ही दशा. स्वयंपाकघरातला धूर, तेलकटपणा, सगळा यांच्या अंगावर. साळिंदर कसलं, उंदीर दिसतोय."

"एवढंच ना?" धाकटा म्हणाला. "दे माझ्याकडे. लॅबमध्ये घेऊन जातो. शुक्रवारी चकाचक करून आणतो."

"नको रे बाबा. हे नाजूक काम आहे."

"ताई, मी दिवसभर काय दगड फोडतो?"

भावजी खुर्चीतून "बरं" म्हणाले. त्यात हो होतं की नाही, कुणालाच कळलं नाही.

शेवटी ताईने सहा प्राणी काढले, सर्वांत मळलेले. एकेकाला फडक्यात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवताना ती सांगत होती. "ब्रश मऊ हवा. पाणी नाही. साळिंदर, हंस आणि घुबड जोडकामाचे आहेत, त्यांना तर थेंबही नाही. तेलकटपणा निघाला नाही तर राहू दे, पण पाणी नाही. ऐकतोयस ना धाकट्या?"

"ऐकतोय गं," तो म्हणाला. तो ऐकतच होता. फक्त मनातल्या मनात हसतही होता.

लॅबमध्ये एक अल्ट्रासॉनिक मशीन होतं. स्टीलचा छोटा टब, त्यात कोमट पाणी आणि साबणाचे चार थेंब. चालू केलं की पाण्यात बारीक थरथर उठते आणि कवळीच्या सांदीकोपऱ्यांतली वर्षांची घाण धुरासारखी बाहेर येते. धाकट्याचं त्या मशीनवर प्रेम होतं. गुरुवारी दुपारी हातातलं काम संपल्यावर त्याने आधी ससा घातला. दोन मिनिटांत ससा असा निघाला की खिडकीतलं ऊन त्याच्या अंगात शिरून टेबलभर रंग सांडले. कासव आणि गोगलगायही तशीच. तिघंही अखंड तुकड्याची होती. धाकट्याला ताईच्या ब्रशाची आणि हातमोज्यांची गंमत वाटली. उरलेली तीन त्याने एकदम टबात सोडली, झाकण लावलं आणि चहाला गेला.

परत आला तेव्हा मशीन आपोआप बंद झालं होतं. त्याने झाकण उघडलं. हंसाची मान सुटून तळाशी आडवी पडली होती. घुबडाचे दोन्ही डोळे निघाले होते. साळिंदराच्या पाठीवरचे निम्मे मणी पाण्यात तांदळासारखे पसरले होते, आणि नाकाचा काळा ठिपका कुठे सापडतच नव्हता.

"कुणाची कवळी?" शेजारच्या टेबलावरच्या कारागिराने विचारलं.

"आहे एकांची," धाकटा म्हणाला आणि टबावर असा वाकला की पलीकडून काही दिसू नये.

दातांचा गोंद पिवळट दिसला असता. म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून सुपरग्लू आणला. चिमट्याने एकेक मणी उचलून लावायला घेतला. हात थरथरत नव्हते, ते कधीच थरथरत नसत. सगळे मणी बसले, डोळे बसले, मान बसली. नाकासाठी त्याने काळ्या मेणाचा कण लावला. काम संपल्यावर तीनही प्राणी खोक्यात ठेवून झाकण लावलं आणि जीव भांड्यात पडल्यासारखा तो घरी गेला.

शुक्रवारी सकाळी खोकं उघडलं तर गोंदाच्या वाफेने रात्रीतून आपलं काम केलं होतं. साळिंदराच्या पाठीवर, हंसाच्या गळ्यापाशी, घुबडाच्या चेहऱ्यावर पांढरट धुकं बसलं होतं. पुसून जाईना, घासून जाईना. घुबडाला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखं दिसत होतं. आणि हंसाची मान, आता उजेडात नीट दिसलं, अगदी किंचित तिरकी बसली होती. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण लोकांच्या जबड्यातला केसभर तिरकेपणा ओळखून त्यावर पोट भरणाऱ्या माणसाला न कळून कसं चालेल?

संध्याकाळी ताईच्या इमारतीचे जिने चढताना त्याने वाक्य जुळवलं होतं. 'ताई, चूक झाली. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही.' एवढी दोनच वाक्यं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती त्याच्या तोंडात होती.

ताईने दार उघडलं, खोकं हातातून घेतलं आणि भावजींच्या समोरच्या टेबलावर ठेवलं. आधी ससा निघाला. "अगं बाई!" ताई म्हणाली. तिने तो दिव्यासमोर धरला, भावजींच्या डोळ्यांसमोर नेला. "बघा तरी! नवा कोरा! धाकट्या, खरंच जादू आहे हं तुझ्या हातात." मग कासव, मग गोगलगाय. ताईचा चेहरा असा फुलला होता की आठ महिन्यांत त्याने तो तसा पाहिला नव्हता. आणि मग तिच्या हातात साळिंदर आलं.

तिने फडक्याने पाठ पुसली. पुन्हा पुसली. मग घुबड काढलं, हंस काढला.

"हे काय झालं रे?" तिने विचारलं. त्यात आरोप नव्हता. तो काहीतरी समजावून सांगेल, अशा भरवशाने विचारलं होतं.

धाकट्याने तोंड उघडलं, आणि जिन्यात जुळवलेल्या दोन वाक्यांच्या जागी भलतंच बाहेर आलं.

"ताई, तुला सांगू की नको असं झालंय. ही तीन खरी नाहीत गं. नुसतं पुसायला घेतलं तर धुकटली. खऱ्या क्रिस्टलला असं होत नाही."

"खरी नाहीत म्हणजे?"

"म्हणजे साधी काच. वरून चकाकी दिलेली. बाजारात मिळतात अशी. भावजींना कुणीतरी शेंडी लावली असणार."

बोलता बोलता त्याची नजर भावजींकडे गेली. ते त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली, पण डोळे दोन्ही जागे. धाकट्याने नजर वळवली.

"तीनच?" ताईने विचारलं. "बाकीचे?"

इथे थांबता आलं असतं. त्याला नंतर कितीदा तरी वाटलं, निदान इथे थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं एकटं उभं राहिलेलं बघवत नाही; तो त्याला टेकू लावत सुटतो.

"बाकीच्यांचं सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण माणूस एकदा फसला की... एकाच ठिकाणचा माल असेल कदाचित. जाऊ दे ना, दिसायला छान आहेत."

"एकाच ठिकाणचा कसा असेल?" ताई हळूच म्हणाली. "ते तर वेगवेगळ्या गावांहून आणायचे."

मग भावजी म्हणाले, "बरं." ते पुन्हा म्हणाले, जोरात, "बरं! बरं!" ताईने सवयीने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं आणि पाणी शर्टावर सांडलं.

धाकटा काम आहे म्हणून निघाला. जिना उतरताना त्याचे पाय इतके हलके पडत होते, जणू चोरी करून चाललाय. चोरीच होती ती. फक्त खिशात काही नव्हतं.

पुढचे दहा दिवस त्याने ताईला फोन केला नाही. तिचा आला तेव्हा 'मशीनवर आहे, नंतर करतो' म्हणाला. कामात लक्ष लागेना. एका कवळीत उजवीकडचा दात डावीकडे लावला आणि डॉक्टरांचा फोन आला तेव्हा लॅबमधले सगळे हसले. धाकटाही हसला. एरवी असं काही झालं असतं तर तो दोन दिवस जेवला नसता. आता वाटलं, बरं झालं, निदान एका चुकीवर तरी कुणी बोट ठेवलं.

अकराव्या दिवशी ताईचाच फोन आला. "येऊन जा. ते सगळं घेऊन जा इथून."

तो गेला. शोकेस रिकामी होती. म्हणजे प्राणी नव्हते. त्या जागी औषधांच्या बाटल्या, कापसाची गुंडाळी, रक्तदाब मोजायचं यंत्र मांडलं होतं. दाराशी एक पुठ्ठ्याचा खोका, दोरी बांधलेला. भावजी खुर्चीत बसलेले. घर चूप होतं. हे त्याला सर्वांत आधी जाणवलं. ताईची अखंड चालणारी बडबड बंद होती. तिने भावजींना गोळी दिली, पाणी दिलं, रुमालाने तोंड पुसलं, सगळं वेळेवर आणि नीट. पण एक शब्द न बोलता, हॉस्पिटलमधल्या नर्सने करावं तसं.

स्वयंपाकघरात चहा ओतताना ती म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक. लहान मुलं असतील त्यांच्या घरी खेळायला दे."

"ताई, अगं पण..."

"तो हंस आणला होता ना, त्या वेळी तीन आठवड्यांचं काम दोन महिने चाललं होतं. मी एक्सचेंजमध्ये बसून अख्ख्या जगाचे फोन जोडत होते आणि यांचा एक फोन नाही. आल्यावर म्हणाले, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं, बाहेर यायला सवड नव्हती. आणि पिशवीतून हंस काढला. मी हंस बघितला आणि गप्प बसले." तिने कप त्याच्याकडे सरकवला. "वीस वर्षं मनात आलं नव्हतं रे. आता येतं. सवड नव्हती तर हंस कधी घेतला? कुठल्यातरी स्टेशनावर, जाता जाता, बायकोचं तोंड बंद करायला?"

धाकट्याने कप न पिताच खाली ठेवला.

"कामावरची माणसं आली होती," ती म्हणाली. "म्हणाली, वहिनी, ते प्राणी कुठे गेले? हे आम्हाला दुकानं पालथी घालायला लावायचे. मला वाटलं, यांना पढवून ठेवलंय. बघ, कुठपर्यंत गेलं माझं डोकं."

"भावजींना विचारलंस?" हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"विचारलं ना," ताई म्हणाली. "विचारलं, अहो, सगळं खोटंच होतं का? तर म्हणाले, बरं." ती हसली, आणि ते हसणं बघवत नव्हतं. "मला माहीत आहे त्यांना दुसरा शब्द नाही. तरी ते ऐकून मी रात्रभर जागी."

त्या क्षणी त्याने सांगायला हवं होतं. त्याने खोका उचलला, दोरीचे वळ हातावर उमटेपर्यंत घट्ट धरला आणि लॅबमध्ये नेऊन आपल्या टेबलाखाली ठेवला. आता बसल्या जागी पाय लांब केला की तो पायाला लागायचा. चार दिवस धाकटा पाय आखडून बसला.

पाचव्या दिवशी दुपारी ताईला औषधं आणायला जायचं होतं आणि भावजींपाशी कुणीतरी हवं होतं. "अर्धा तास येशील?" तिने विचारलं. तो गेला. ताई पिशवी घेऊन बाहेर पडली. दोघं पुरुष समोरासमोर बसले.

भावजी त्याच्याकडे बघत नव्हते. ते खिडकीकडे बघत होते. धाकट्याने वर्तमानपत्र उचललं, उघडलं, मिटलं.

"भावजी," तो म्हणाला, "ते प्राणी खरे होते."

भावजींची मान हळूहळू वळली.

मग त्याने सगळं सांगितलं. मशीन, कोमट पाणी, चहाला गेल्याचं, चिमटा, सुपरग्लू, धुकं. जिन्यात जुळवलेलं वाक्य आणि तोंडातून निघालेलं वाक्य. खाली मान घालून, स्वतःच्या गुडघ्यांना सांगितल्यासारखं. सांगून झाल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं, आणि तेवढ्यात उमगलं की हे मोकळं वाटणंसुद्धा लबाडीचंच आहे. ज्याला कुणालाच काही सांगता येत नाही अशा माणसापाशी त्याने कबुली दिली होती. बंद विहिरीत दगड टाकावा तशी.

"मी सांगेन ताईला," तो पुटपुटला. "एकदा वेळ बघून सांगेन." आणि उठायला लागला.

भावजींचा डावा हात आला आणि त्याच्या मनगटाभोवती मिटला.

तीस वर्षं पाने आणि तारेचे दोर ओढलेला हात होता तो. दुसरा गेल्यापासून दोघांचं काम एकट्याने करून आणखी घट्ट झालेला. धाकट्याला वाटलं, सोडतील. "भावजी, पाणी हवंय का?" त्याने विचारलं. ते 'बरं'सुद्धा म्हणाले नाहीत. त्याने मनगट हळूच सोडवून बघितलं, मग थोडं जोरात. पकड सैल होईना. सगळ्या गावात ज्याच्या बोटांचं कौतुक, तो माणूस लहान पोराला पकडावं तसा खुर्चीला बांधल्यासारखा, अर्धवट वाकून उभा राहिला. मग गुडघे दुखायला लागले तेव्हा भावजींच्या पायाशी जमिनीवर बसला. घड्याळ पुढे सरकत होतं. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायच्या खटपटीत होतं. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला मोकळा हात होता तरी त्याने पुसलं नाही.

दारात किल्ली वाजली. ताई आत आली आणि पिशवी हातात तशीच धरून थबकली.

"काय झालं? अहो, काय झालं? धाकट्या, पडले का हे?"

"नाही," धाकटा म्हणाला. "ताई, मी बोललो ते खोटं होतं."

त्याने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी तोंड वर करून, कारण खाली बसून उभ्या माणसाशी बोलायचं तर वरच बघावं लागतं. तो 'शेंडी लावली' या शब्दांपाशी आला तेव्हा त्याला ते दोनदा म्हणावं लागलं. शेवट झाला तेव्हा कुठे भावजींनी मनगट सोडलं. तिथे पाच बोटं लाल उमटली होती.

त्याला वाटलं होतं, ताई ओरडेल. लहानपणी तिची एक थप्पड खाल्ली की हिशेब मिटायचा. पण तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीचा हात धरून ती पण खाली बसली, भावजींच्या दुसऱ्या बाजूला. धाकट्याकडे तिने बघितलंही नाही.

"तू मोडलंस ते मोडलंस," ती म्हणाली. "खोटं बोललास तेही तुझ्यापाशी. पण मी विश्वास ठेवला रे. एका मिनिटात ठेवला. तुझ्या बोलण्यावर. आणि यांच्या चौतीस वर्षांवर नाही ठेवला." तिने भावजींच्या निर्जीव उजव्या हाताचा पंजा दोन्ही हातांत घेतला. "अहो, पाणी भरलं होतं ना खड्ड्यात? भरलंच असणार. मी पंधरा दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. गुरासारखं खायला घातलं तुम्हाला."

भावजींच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता. ओघळलेल्या ओठाची कड थरथरली, आणि ते रडतायत की हसतायत हे धाकट्याला समजेना. तो तिथे नसता तर बरं, असं त्याला वाटलं. त्या दोघांमधलं ते काहीतरी होतं आणि तो ते चोरून बघत होता.

"खोका कुठे आहे?" ताईने विचारलं.

"लॅबमध्ये. टेबलाखाली."

"जा, घेऊन ये."

'कुणाला देऊन तर टाकले नाहीस ना?' असं तिने विचारलं नाही, आणि हे न विचारणं त्याला थपडेहून जास्त लागलं. अजूनही ती त्याच्यावर एवढा भरवसा टाकत होती.

तासाभराने तो खोका घेऊन आला तेव्हा औषधं खाली उतरली होती, शोकेसच्या काचा पुसलेल्या होत्या आणि टेबलावर टॉवेल अंथरलेला होता. ताईच्या हातात पांढरे मोजे होते. तो मदतीला पुढे झाला, तशी ती म्हणाली, "तू नको. तू तिथे बस." तो स्टुलावर बसला. ताई एकेक प्राणी काढायची, भावजींच्या समोर धरायची आणि विचारायची, "हा कुठला? तो नदीकाठचा? की त्या नाटकगृहाचा?" भावजी "बरं" म्हणायचे आणि ती त्या 'बरं'मधून काय ते काढून घेऊन पुढची गोष्ट स्वतःच सांगायची. काही गोष्टी तिला अर्ध्याच आठवत होत्या. चुकली की भावजी डाव्या हाताने खुर्चीवर टक्कन मारायचे. तेविसावा प्राणी आत जाईपर्यंत संध्याकाळ झाली. धाकट्याला कुणी चहा विचारला नाही आणि त्याने मागितला नाही.

त्यानंतर त्याने एक जुना काचकाम करणारा शोधून काढला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या म्हाताऱ्याने हंस भिंगाखाली धरला आणि विचारलं, "हे कुणा शहाण्याचं काम?" धाकटा म्हणाला, "माझं." म्हाताऱ्याने गोंद विरघळवून मान सोडवली आणि सरळ बसवून दिली. घुबडाचे डोळेही बऱ्यापैकी साफ झाले. साळिंदराच्या पाठीवरचं धुकं मात्र पुरतं गेलं नाही. मण्यांच्या मधल्या फटींत ते राहिलं ते राहिलंच.

ताईने त्याला शोकेसला हात लावू दिला नाही. त्याऐवजी एके दिवशी रेझर आणि साबण हातात दिला. "यांची दाढी करायला माझा हात धजत नाही. गाल ओघळलाय तिथे कापतं. तू करशील?" तेव्हापासून दर शनिवारी सकाळी तो येतो. भावजींच्या गळ्याभोवती टॉवेल लावतो, ओघळलेला गाल दोन बोटांनी ताणून धरतो आणि हळू हळू, एकेक रेघ, पातं फिरवतो. भावजी डोळे मिटून मान त्याच्या हातात देतात. पहिल्या शनिवारी त्याचा हात थरथरला. आयुष्यात पहिल्यांदाच. भावजींनी डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा मिटले.

पाहुणे येतात, शोकेसपाशी थांबतात. कुणीतरी हमखास विचारतं, या साळिंदराला काय झालंय? ताई तेव्हा टेबल आवरत राहते, किंवा भावजींच्या शर्टाची गुंडी लावत राहते, आणि धाकट्याच्या उत्तराची वाट बघते.

"मी केलं ते," धाकटा सांगतो. "पाणी लावू नको सांगितलं होतं, तरी लावलं."

पाहुणे 'असू दे, होतं असं' म्हणून पुढे सरकतात. त्यांना एवढं पुरतं. उरलेलं त्या खोलीतल्या तिघांनाच माहीत असतं. आणि ताई पाठमोरी असली, भावजींचे डोळे मिटलेले असले तरी, ते वाक्य बोलून झाल्यावर धाकट्याचे कान तापतात, आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नाही.